फ्लॅट टोइंग (फोर-व्हील ड्राइव्ह वाहने)

फ्लॅट टोइंग म्हणजे एखादे वाहन चारही चाके रस्त्यावर टेकलेल्या स्थितीत, चालकाविना, ताठ दांड्याच्या साहाय्याने दुसऱ्या वाहनामागे ओढून नेण्याची पद्धत होय. अमेरिका व कॅनडा या देशांत मोटरहोममधून, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरातून, दूरचा प्रवास करणारे लोक मुक्कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी लहान गाडी अशा रीतीने सोबत नेतात. नौकेमागे बांधलेल्या छोट्या होडीवरून या गाडीला तेथे ‘डिंगी’ म्हणतात. ‘ओढलेली’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी उच्चार जुळत असल्याने तिला गमतीने ‘टोड’, म्हणजे भेक, असेही म्हटले जाते.

या कामासाठी फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची शक्ती चारही चाकांना पुरवू शकणारी वाहने विशेष पसंत केली जातात. मात्र अशी सर्वच वाहने फ्लॅट टोइंगला योग्य नसतात. वाहन योग्य आहे की नाही, हे त्याच्या बाह्य रूपावरून किंवा ताकदीवरून नव्हे, तर चाके गिअरबॉक्सपासून पूर्णपणे अलग करता येतात की नाही, यावरून ठरते.

ओढण्याच्या इतर पद्धती

वाहन ओढून नेण्याच्या प्रमुख पद्धती तीन आहेत. पहिलीत संपूर्ण वाहन ट्रेलरवर चढवले जाते. दुसरीत पुढची दोन चाके लहान दुचाकी गाड्यावर उचलली जातात व मागची दोन रस्त्यावर फिरतात. तिसरी पद्धत फ्लॅट टोइंगची. ट्रेलरची पद्धत सर्वांत निर्धोक असली, तरी ट्रेलरचे स्वतःचे वजन वाढते आणि मुक्कामी तो ठेवण्यास जागा लागते.

दुसरी पद्धत फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांना सहसा वर्ज्य असते. पुढची व मागची चाके यंत्रणेने परस्परांशी जोडलेली असताना दोन चाके स्थिर आणि दोन फिरती राहिली, तर मधल्या जोडणीवर सतत ताण येऊन ती तापते व निकामी होते. म्हणून अशा वाहनांबाबत ‘चारही चाके जमिनीवर, नाहीतर चारही चाके वर’ हा साधा नियम पाळला जातो.

यंत्रणेमागील तत्त्व

चालत्या गाडीत इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून चाकांकडे जाते. गाडी ओढली जात असताना हा क्रम उलटतो. चाके फिरतात, त्यांच्यामुळे अ‍ॅक्सल व प्रोपेलर शाफ्ट फिरतात आणि मार्ग मोकळा असल्यास गिअरबॉक्सचे भागही फिरू लागतात. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वंगणाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना पंपही बंद राहतो. परिणामी आतील भाग तेलाविना फिरतात, तापतात आणि काही अंतरातच त्यांची झीज होते. गिअर ‘न्यूट्रल’मध्ये ठेवल्याने इंजिन अलग होते, पण गिअरबॉक्सचा चाकांकडील शाफ्ट फिरतच राहतो, त्यामुळे हा धोका टळत नाही.

पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह वाहनात गिअरबॉक्सनंतर ट्रान्सफर केस असते. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलकडे वळवणे हे तिचे कार्य. अशा अनेक ट्रान्सफर केसमध्ये दोन चाके, चार चाके उच्च वेग व चार चाके मंद वेग या स्थितींखेरीज न्यूट्रल ही स्वतंत्र स्थिती असते. तिच्यात ट्रान्सफर केसचा गिअरबॉक्सकडील भाग चाकांकडील भागापासून सुटतो. चाके, अ‍ॅक्सल व प्रोपेलर शाफ्ट मोकळेपणी फिरतात, तर गिअरबॉक्स व इंजिन स्थिर राहतात. अनेक ट्रान्सफर केसमध्ये तेलाचा पंप चाकांकडील शाफ्टवरच बसवलेला असतो. त्यामुळे गाडी ओढली जात असतानाही तिच्या आतील भागांना वंगण मिळत राहते. जीप रँग्लर हे मोटरहोममागे वारंवार दिसणारे वाहन असण्याचे मुख्य कारण हीच रचना आहे.

ट्रान्सफर केस चुकून मंद वेगाच्या स्थितीत आणि मॅन्युअल गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये राहिल्यास काय होईल, हे साध्या गणिताने समजते. टायरचा परीघ सुमारे २.५ मीटर धरल्यास ताशी ९० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेते. अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस व पहिला गिअर यांचे एकत्रित गुणोत्तर ४०:१ मानले, तर इंजिनाला मिनिटाला २४,००० फेरे घ्यावे लागतील. सामान्य पेट्रोल इंजिनाची मर्यादा ६,००० ते ७,००० फेऱ्यांच्या आसपास असते. अर्थात तो वेग गाठण्यापूर्वीच चाके घसरू लागतात, अथवा क्लच किंवा इंजिन मोडते. एका लिव्हरच्या चुकीच्या स्थितीने संपूर्ण यंत्रणा नष्ट होऊ शकते, ती अशी.

योग्य व अयोग्य वाहने

हाताने चालणारी आणि न्यूट्रल स्थिती असलेली ट्रान्सफर केस ज्या वाहनात आहे, ते सामान्यतः योग्य ठरते. काही वाहनांत ही स्थिती बटणाने मिळते व त्यासाठी ठरावीक क्रम पाळावा लागतो. ज्या फुल-टाइम किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह वाहनांच्या ट्रान्सफर केसमध्ये न्यूट्रल नसते, ती बहुधा अयोग्य असतात. एकाच नावाच्या गाडीतही हा भेद आढळतो. एका प्रकारात न्यूट्रल असते, तर दुसऱ्यात नसते.

उत्पादनाच्या वर्षानुसारही उत्तर बदलते. होंडा सीआर-व्ही ही गाडी अमेरिकेत २०१४ च्या मॉडेलपर्यंत फ्लॅट टोइंगसाठी लोकप्रिय होती. २०१५ च्या मॉडेलमध्ये सीव्हीटी प्रकारचा गिअरबॉक्स आल्यावर कंपनीने ही मुभा काढून घेतली. म्हणून विशिष्ट वर्षाच्या व विशिष्ट प्रकारच्या गाडीची मालक-पुस्तिका हाच अंतिम आधार मानला जातो.

आवश्यक साधने

टो बार : इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा हा पोलादी दांडा असतो. त्याचे टोक पुढील वाहनाच्या हिचला आणि दोन्ही बाहू ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या चासीवर बसवलेल्या आधारपट्टीला जोडले जातात. केवळ बंपरला केलेली जोडणी हा भार पेलू शकत नाही. टो बार शक्यतो जमिनीला समांतर असावा लागतो. तो फार तिरका असल्यास ब्रेक लागताच मागची गाडी पुढच्या वाहनाखाली दबते किंवा वर चढू पाहते.

भारमर्यादा : टो बार, आधारपट्टी व हिच यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची क्षमता होय. याशिवाय पुढील वाहनाच्या उत्पादकाने ठरवलेली दोन्ही वाहनांची मिळून भारमर्यादा पाळावी लागते. ही तुलना रिकाम्या वाहनाच्या नव्हे, तर पाणी, इंधन, सामान व प्रवासी धरून भरलेल्या वाहनाच्या वजनाशी केली जाते.

सुरक्षा साखळ्या : टो बार निसटल्यास गाडी मोकळी सुटू नये म्हणून दोन साखळ्या किंवा पोलादी दोर टो बारखाली एकमेकांना छेदतील असे लावतात. दांड्याचे टोक खाली पडल्यास ते रस्त्यात रुतण्याऐवजी या फुलीवर तोलले जाते.

पूरक ब्रेक : ८,००० किलोग्रॅमच्या मोटरहोममागे २,००० किलोग्रॅमची गाडी जोडली, तर त्याच वेगाला थांबवायची गतिज ऊर्जा २५ टक्क्यांनी वाढते. हा जादा भार मोटरहोमच्या ब्रेकवर पडू नये यासाठी मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा वापरली जाते. तिच्यासोबत एक सुटका-स्विच असतो. गाडी सुटून वेगळी झाल्यास तो तिचे ब्रेक लगेच लावतो.

दिवे : मागच्या गाडीचे ब्रेक दिवे व वळणाचे दिवे पुढील वाहनाच्या दिव्यांबरोबर लागावेत, यासाठी स्वतंत्र तारा जोडल्या जातात.

जोडणीची कार्यपद्धती

तपशील वाहनागणिक बदलत असले, तरी सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. दोन्ही वाहने सपाट जागी सरळ रेषेत उभी करून मागच्या गाडीचा हँडब्रेक लावणे.
२. टो बार, साखळ्या, दिव्यांच्या तारा आणि सुटका-स्विचचा दोर जोडून सर्व खिट्ट्या व कुलपे तपासणे.
३. पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये आणणे.
४. इंजिन सुरू करून गिअर आधी मागे व नंतर पुढे जाण्याच्या स्थितीत टाकणे. गाडीने हालचालीचा प्रयत्न केल्यास न्यूट्रल पूर्ण लागलेले नाही, असे समजावे.
५. इंजिन बंद करून गिअरबॉक्स पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत ठेवणे. जीप रँग्लरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘पार्क’मध्ये, तर मॅन्युअल गिअरबॉक्स गिअरमध्ये ठेवतात. तेलाच्या ओढीने गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरू नये, हा त्यामागचा हेतू असतो.
६. स्टिअरिंग लॉक उघडे राहील अशी व्यवस्था करणे.
७. सर्वांत शेवटी हँडब्रेक सोडणे, दिवे तपासणे आणि थोडे अंतर संथपणे जाऊन चारही चाके मोकळी फिरत असल्याची खात्री करणे.

यांतील चौथी पायरी बहुधा घाईत गाळली जाते. लिव्हर न्यूट्रलच्या खुणेवर दिसत असला, तरी आतील दाते पूर्ण सुटलेले नसण्याची शक्यता असते. त्याचा उलगडा या चाचणीतच होतो.

प्रवासातील दक्षता

फ्लॅट टोइंग करताना वाहन मागे घेता येत नाही. पुढे जाताना स्टिअरिंगच्या भूमितीमुळे मागच्या गाडीची पुढची चाके आपोआप वळणानुसार वळतात. मागे ढकलल्यास तीच चाके एका बाजूला पूर्ण वळतात आणि टो बार वाकतो किंवा स्टिअरिंगचे भाग मोडतात. म्हणून अरुंद जागेत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याचा मार्ग पाहणे आवश्यक ठरते. अडकल्यास गाडी सोडवून दोन्ही वाहने वेगवेगळी फिरवावी लागतात.

मागच्या गाडीचे टायर पंक्चर झाले, तरी मोठ्या वाहनाच्या चालकाला ते जाणवत नाही. त्यामुळे टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा बसवली जाते आणि प्रत्येक थांब्यावर टायर, चाकांची उष्णता, खिट्ट्या व साखळ्या तपासल्या जातात. स्टिअरिंग उघडे ठेवण्यासाठी चावी फिरवलेली असल्यास बॅटरी उतरू शकते. त्यावर पुढील वाहनातून चार्जिंगची तार आणली जाते.

गाडी सोडवताना

सोडवणीच्या वेळचा धोका कमी ओळखला जातो. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेपर्यंत ‘पार्क’ स्थिती गाडीला रोखू शकत नाही, कारण गिअरबॉक्स व चाके यांचा संबंधच तुटलेला असतो. अशी गाडी उतारावर टो बारमधून सोडवल्यास ती घरंगळत जाते आणि समोर उभ्या व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे सपाट जागा निवडून प्रथम हँडब्रेक लावणे, मग ट्रान्सफर केस न्यूट्रलमधून काढणे व त्यानंतरच टो बार सोडवणे हा क्रम सुरक्षित मानला जातो.

कायदेशीर स्थिती व भारतातील संदर्भ

पूरक ब्रेक, दिवे व वेग यांविषयीचे नियम अमेरिकेत राज्यागणिक आणि कॅनडात प्रांतागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये अशा रीतीने जोडलेली गाडी ट्रेलर मानली जाते आणि तिला ट्रेलरच्या ब्रेकचे नियम लागू होतात.

भारतात सहलीसाठी सुस्थितीतील गाडी मागे ओढून नेण्याची प्रथा नाही. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांविषयीच्या विनियमांनी वाहन ओढण्याची मुभा मुख्यतः बिघडलेल्या वाहनांपुरती ठेवली होती आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनात परवानाधारक चालक बसणे आवश्यक केले होते. २०१७ मध्ये मोटार वाहन (चालन) विनियमांनी त्यांची जागा घेतली.

नाशिक येथे तयार होणारी महिंद्रा थार आणि पुण्याजवळील रांजणगाव येथे २०२१ पासून जुळणी होणारी जीप रँग्लर या वाहनांमुळे महाराष्ट्रात हा विषय अगदीच परका नाही. घाटात बंद पडलेले फोर-व्हील ड्राइव्ह वाहन दोन चाके उचलून किंवा दोराने ओढून नेताना गिअरबॉक्सचे नुकसान होण्याचे कारण वर दिलेलेच असते. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये आणता येत नसल्यास अशी गाडी सपाट पृष्ठाच्या ट्रकवर चढवून नेणे हाच योग्य उपाय ठरतो.