बिऱ्हाड हलवताना

माझी पुतणी एका मोठ्या कंपनीत आर्किटेक्ट आहे. घरे बांधणारी नव्हे. कंपनीच्या संगणककेंद्रातला सारा पसारा 'क्लाऊड'वर नेणारी. ढग हे नुसते नाव. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्या मालकीची, भाड्याने घेतलेली यंत्रे. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत थाटली तशी. म्हणजे हे बिऱ्हाड हलवणेच झाले.

"यंत्रं सोडणं सोपं असतं, काका," ती परवा म्हणाली. "आधी कोण कोणाशी बोलतं, ते शोधण्यातच महिने जातात. कोपऱ्यात एखादा सर्व्हर वर्षानुवर्षं चालू असतो. कशासाठी, कुणालाच ठाऊक नसतं. आणि बंद करायची कुणाची छाती होत नाही." शेवटी म्हणे तो ठरवून थोडा वेळ बंद करतात आणि ओरड कुठून येते ते पाहतात. मग रंगीत तालमी, आणि एका रात्री प्रत्यक्ष स्थलांतर. त्या रात्री एक घटका अशी येते, की तिच्यापुढे परतीची वाट नसते.

मला आमची शाखा आठवली. १९९६ साली आमची खाती लेजरांतून संगणकावर गेली. रात्र रात्र बसून आम्ही शिल्लक जुळवली. एका पैशाचा फरक उरला नाही, तेव्हा पेढे वाटले. आणि पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त मास्तर पैसे न मिळताच परत गेले. सही जुळत नव्हती. त्यांचा हात कापतो, हे जुन्या कारकुनाने लेजरच्या पानावर पेन्सिलीने टिपून ठेवले होते. संगणकात त्या टिपणाला रकानाच नव्हता, आणि कारकुनाची बदली झालेली. नकार देणारा अधिकारी मीच होतो.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये नव्या प्रणालीत स्थलांतर केले. माहिती सुखरूप पोचली. पण प्रणालीच कोलमडली आणि लाखो खातेदार अडकले. कारभार सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला सुमारे ४ कोटी ८७ लाख पौंडांचा दंड केला, आणि पुढच्या वर्षी तिच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१ हजारांहून अधिक पौंडांचा. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२३ च्या निर्देशांत बजावले आहे, की संगणकाचे काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते.

"मास्तरांचं पुढे काय झालं?" पुतणीने विचारले.

"त्यांच्या घरी गेलो. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेतला, पैसे मोजून दिले. त्यांनी चहा पाजला, पण एक शब्द बोलले नाहीत."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडचे एक जुने ऑपरेटर मार्चअखेर निवृत्त होतायत. उद्याच त्यांच्याशेजारी खुर्ची टाकते."