ताशी 16.7

‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’, म्हणजे सायकलवाल्यांच्या तोंडी ‘रॅम’, या शर्यतीचा सगळ्यांत अचाट आकडा दिसायला अगदी किरकोळ आहे : ताशी 16.7 किलोमीटर. कॉलेजला उशीर झालेला पोरगा याहून जोरात सायकल हाणतो. पण रॅममध्ये ही सरासरी सलग 288 तास राखायची असते, आणि त्या तासांत झोप, जेवण, पंक्चर, सिग्नल, उलट्या सगळं धरलेलं असतं.

2017 साली ही शर्यत कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून सुटली आणि मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला संपली. अंतर साधारण 4,800 किलोमीटर, वाटेत 12 राज्यं. एकट्याने उतरणाऱ्या पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना मुदत 12 दिवसांची. टूर द फ्रान्समध्ये साधारण 3,400 किलोमीटरला तीन आठवडे मिळतात, रोज रात्री बिछाना मिळतो, शिवाय मधे दोन दिवस विश्रांती. रॅमला टप्पेच नाहीत. घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटच्या रेषेवरच थांबतं.

आता चढ. रॉकी आणि अ‍ॅपलेशियन पर्वतांसकट पूर्ण वाटेवरची चढाई सुमारे 53,000 मीटर भरते. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टचा माथा सहा वेळा गाठण्याइतकी. पुणेकर सायकलपटूंचा सरावाचा घाट सिंहगडाचा. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत तो साधारण 600 मीटर चढतो. त्या मापाने ही सिंहगडाची 88 चढणं झाली, आणि मधली हजारो किलोमीटरची सपाटी वेगळीच.

माणूस, सायकल, पाणी मिळून 83 किलो धरले, तर एवढं वजन 53 किलोमीटर उंच उचलायला सुमारे 43,000 किलोज्यूल लागतात. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे निव्वळ चढांसाठी 43,000 कॅलरी पोटात जायला हव्यात. घरी बसून काम करणाऱ्याचा हा तीन आठवड्यांचा आहार, आणि यात कॅन्ससच्या माळावरचा समोरून येणारा वारा अजून धरलेलाच नाही.

पण एवढं खाणार कसं? पोटालाही मर्यादा आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं मिश्रण घेतलं, तरी सरावलेलं आतडं तासाला 90 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं शोषतं, म्हणजे 360 कॅलरी. 150 वॉटने पेडल मारणारा तासाला साडेपाचशेच्या आसपास जाळतो. दर तासाला दोनशेची उधारी, ती अंगावरच्या चरबीतून फिटते. म्हणून सरावात पायांइतकंच पोट तयार करावं लागतं : भूक नसताना, उन्हात, चढावर, घड्याळ लावून खायचं. हे ज्यांना जमत नाही, त्यांचे पाय शाबूत असूनही शर्यत सुटते.

गुडघ्यांचा हिशेबही बघा. मिनिटाला 75 फेरे, दिवसाला वीस तास. बारा दिवसांत प्रत्येक गुडघा दहा लाख वेळा दुमडतो. सीट किंचित खालीवर असेल, तर ती चूक दहा लाख वेळा होते. मान तर याहून वाईट. हेल्मेटसकट पाचेक किलोचं डोकं सारखं वर धरून मानेचे स्नायू कधी कधी पार संपतात आणि डोकं छातीवर लोंबायला लागतं. 1983 च्या शर्यतीत मायकल शर्मर यांना हे झालं, तेव्हापासून या दुखण्याला त्यांचंच नाव चिकटलं आहे.

महाराष्ट्रात या सगळ्याची तालीम बीआरएमपासून, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांपासून, सुरू होते. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. रात्री दोनला हायवेवरच्या पेट्रोल पंपावर कार्डावर शिक्का घ्यायचा, एक केळं खायचं, दुसरं जर्सीच्या मागच्या खिशात टाकायचं आणि निघायचं. या 600 ची सरासरी ताशी 15 पडते. ती पुरी करणाऱ्याचं मला मनापासून कौतुक आहे. रॅम म्हणजे अशा आठ सहाशे एकामागून एक, प्रत्येकी चाळीसऐवजी छत्तीस तासांत. पुणे ते गोवा ही सुमारे 640 किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ठरलेल्या वेळेत संपवली की रॅमची पात्रता मिळते. नुसती पात्रता!

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून ही शर्यत 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत पुरी केली. संघांना मुदत 9 दिवसांची. पुढे 2017 मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ एकट्याने ती संपवणारे पहिले भारतीय ठरले : 11 दिवस 18 तास 45 मिनिटं. आदल्या वर्षी त्यांना ती अर्धवट सोडावी लागली होती. त्यांच्यामागून, त्याच शर्यतीत, नागपूरचे डॉ. अमित समर्थ आले : 11 दिवस 21 तास 11 मिनिटं. चौघेही डॉक्टर, हे मला फार बोलकं वाटतं. शरीर कुठे कुठे दगा देतं, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

समर्थ यांच्या हाती मुदतीपैकी उरले 2 तास 49 मिनिटं. बारा दिवसांवर वाटले तर रोजची 14 मिनिटं, टपरीवर टेकून चहा घेण्याएवढी. रोज तेवढंच एकदा जास्त थांबले असते, तर 4,800 किलोमीटर मुदतीच्या अगदी काठावर संपले असते. म्हणून अनुभवी सायकलपटू चढाइतकाच थांबण्याचा सराव करतात. चालत्या सायकलवर बाटली घ्यायची, मोजे बदलताना दुसऱ्या हाताने खायचं, गाडीत नव्वद मिनिटं झोपून हाक ऐकताच उठायचं आणि पाच मिनिटांच्या आत पुन्हा पेडलवर पाय ठेवायचा.