दंडाची पावती हाच पुरावा
जमिनीचे कागद : लेखांक 9

मागच्या आठवड्यात सातबाऱ्यावरचा भोगवटादाराचा रकाना पाहिला. तिथे ज्याचं नाव, तो मालक, असं गाव धरून चालतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 157 सुद्धा, उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी मानायला सांगतं. पण नाव एकाचं आणि नांगर दुसऱ्याचा, असं असेल तर?

मराठवाड्यातल्या गायरानांवर हा पेच कितीतरी वर्षं पडून आहे. गायरानाची मालकी सरकारची, चराईपुरती ती गावाकडे सोपवलेली. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. त्या काळात आणि त्यानंतर अनेक दलित कुटुंबांनी गायरानं वहितीखाली आणली. दगडं वेचली, बांध घातले, ज्वारी आणि तूर पेरली. सातबाऱ्यावर मात्र सरकार ते सरकारच.

आता तलाठ्याच्या दप्तरातला एक नमुना बघा, गाव नमुना 1-ई. ही अतिक्रमणाची नोंदवही. कोणी, कोणत्या गटात, किती क्षेत्रावर, कशासाठी अतिक्रमण केलं, ते इथे लिहायचं. मग तहसीलदार दंड करणार, दंड भरला की पावती मिळणार. कायद्याच्या नजरेत हा सगळा कागद म्हणजे गुन्ह्याचा पंचनामाच. पण ज्यांच्यावर तो केला, ती माणसं पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी जपून ठेवतात. कारण आपण अमुक सालापासून ही जमीन कसतो, हे सांगणारा दुसरा सरकारी कागद त्यांच्याकडे नाही. गायरान हक्काच्या चळवळीत ‘आमची नोंद 1-ईला घ्या’ अशी मागणी असते. आमचं नाव अतिक्रमण करणाऱ्यांत लिहा म्हणून तहसीलवर मोर्चा नेणं वरवर विचित्र वाटेल, पण त्यात पक्का हिशेब आहे. 1991 च्या शासन निर्णयाने भूमिहीनांची 14 एप्रिल 1990 पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. तारखेच्या अलीकडे की पलीकडे, हे ठरवणार कोण? ती नोंद आणि ती पावती. एखाद्या तलाठ्याने त्या वर्षी शिवारात न जाता चावडीवर बसूनच पाहणी उरकली असेल, तर एका कुटुंबाचा हक्क तिथेच बुडाला.

‘बारा वर्षं कसली की जमीन आपली होते,’ असं पारावर कोणीतरी ठासून सांगतंच. त्यात अर्धंच तथ्य आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे खासगी मालकाने बारा वर्षांच्या आत कब्जा परत मागितला नाही, तर त्याचा हक्क संपतो. सरकार मालक असेल तर ही मुदत 30 वर्षांची. शिवाय नुसती वर्षं मोजून भागत नाही. कब्जा उघड हवा, सलग हवा आणि मालकाचा हक्क झुगारून केलेला हवा; यालाच प्रतिकूल कब्जा म्हणतात. कूळ, राखणदार किंवा मालकाने विश्वासाने बसवलेला भाऊबंद चाळीस वर्षं राहिला तरी त्याचा कब्जा यात बसत नाही.

गायरानधारकाची खरी कोंडी इथेच होते. ‘माझं अतिक्रमण नियमित करा’ असा अर्ज दिला की मालक सरकार आहे हे त्याने स्वतःच्या सहीने कबूल केलं. उद्या तो दिवाणी कोर्टात प्रतिकूल कब्जाचा दावा घेऊन गेला, तर सरकारी वकील तोच अर्ज पुढे ठेवणार. बरं, अर्ज न करावा तर अतिक्रमण काढायची नोटीस कधीही येऊ शकते. एका वाटेवरचा पुरावा दुसऱ्या वाटेवर आडवा येतो, आणि कोणती वाट धरायची हे त्याला वकिलाची फी परवडण्याआधीच ठरवावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये, पंजाबातल्या एका तळ्याच्या जागेच्या प्रकरणात, गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचा आदेश सगळ्या राज्यांना दिला. सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिलेले असतील, तर असा अपवाद त्यातच नमूद आहे. त्यानंतर जुलै 2011 मध्ये महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला. कचेऱ्यांत पहिला भाग तोंडपाठ असतो, अपवाद मात्र आपणच दाखवून द्यावा लागतो.

आदिवासींसाठी 2006 चा वनहक्क कायदा याबाबत उदार आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनची वहिवाट दाखवायला तिथे शेताचे बांध, विहीर, दफनभूमी, गावातल्या जाणत्यांचा जबाब हे सगळं चालतं. बिगर-आदिवासींना मात्र 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. गायरानाला असा कायदाच नाही, तिथे सगळा कारभार शासन निर्णयांवर चालतो.

तरीही ‘कब्जा त्याचा हक्क’ अशी घोषणा मी देणार नाही. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याखाली वाटप झालेली शेतं आठवा. सातबाऱ्यावर भूमिहीनाचं नाव भोगवटादार वर्ग-2 म्हणून लागतं, वाटपाचा आदेश हातात असतो, आणि औत मात्र जुन्या जमीनदाराचंच फिरत असतं. इथे सरकारी कागद गरिबाकडे आणि वहिवाट बलवानाकडे. अशा जमीनदाराने बारा वर्षांचा दाखला दिला, तर तो मान्य करायचा का? माझ्या मते कब्जा किती जुना याच्याआधी, तो कोणाच्या जोरावर टिकला, हे विचारलं पाहिजे. कायद्यात आज हा प्रश्न विचारायला जागा नाही.

दरम्यान पुरावा तयार होण्याची रीतच बदलली आहे. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने मोबाइलवर गट क्रमांक टाकायचा, खातेदारांच्या यादीतून आपलं नाव निवडायचं आणि उभ्या पिकाचा फोटो चढवायचा. गायरान कसणाऱ्याचं नाव त्या यादीत नसतं. पूर्वी निदान बांधावर आलेल्या तलाठ्याला ‘इथं आम्ही कसतो, लिहून घ्या’ असं म्हणता यायचं.

(पुढच्या आठवड्यात : वर्ग-2 ची जमीन विकताना लागणारी परवानगी)