चपळ वॅगन की डिझेल एसयूव्ही?

फौजेत शिकलो ते हेच: आधी कामगिरी ठरवा, मग वाहन. लखनौत माझी रोजची धाव छावणी ते हजरतगंज, जेमतेम चार-पाच किलोमीटर. बीएस-6 डिझेलच्या एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये काजळी साचते. ती जळायला गाडी बराच वेळ वेगात पळावी लागते. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही आणि फिल्टर तुंबतो. 302 किलोमीटरच्या आग्रा एक्स्प्रेसवेवर डिझेल खूश असतं. पण तिथेही लांब डिकीची, बुटकी पेट्रोल वॅगन वळताना कमी कलते.

अडचण एकच: सौंचे गुडघे. खाली वाकून बसणं-उठणं तिला जमत नाही. म्हणून मन वॅगनवर असूनही मी एसयूव्हीच घेतोय, मात्र पेट्रोलची. तुम्हीही गाडी बघायला जाताना घरातले दुखरे गुडघे सोबत न्या.