हुकमाच्या ताबेदाराचा सूड

सूडकथेत वाचकाची एक सोय असते. गुन्हेगार पलीकडच्या बाजूला असतो आणि आपण सूड घेणाऱ्याच्या पाठीशी निर्धास्त उभे राहतो. ॲन लेकी या अमेरिकी लेखिकेच्या ‘अँसिलरी जस्टिस’ (२०१३) या कादंबरीत ही सोय नाही. ह्यूगो, नेब्युला आणि आर्थर सी. क्लार्क हे विज्ञानकथेचे तिन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले. वरवर पाहता ती अंतराळातल्या साम्राज्याची, फौजेची आणि बंदुकांची गोष्ट आहे. पण तिचा खरा विषय हुकूम पाळणाऱ्याचा वाटा किती, हा आहे. माझ्या मते लष्करी विज्ञानकथेत हा प्रश्न इतका आतून क्वचितच विचारला गेला आहे.

नायिका ब्रेक ही मुळात माणूसच नाही. ‘जस्टिस ऑफ टॉरेन’ या दोन हजार वर्षं जुन्या लढाऊ जहाजाची ती बुद्धी. राडच साम्राज्य जिंकलेल्या मुलखातली माणसं पकडतं, त्यांचं मन पुसून टाकतं आणि देह जहाजाला जोडतं. हे देह म्हणजे जहाजाचे सैनिक. एकच जहाज वीस तोंडांनी एकाच वेळी गाणं म्हणतं, ते प्रसंग वाचताना मौजही वाटते आणि अंगावर काटाही येतो, कारण ते गळे चोरलेले आहेत. ऑर्स नावाच्या दलदलीच्या शहरात हे जहाज ऑन या लेफ्टनंटच्या हाताखाली असतं आणि तिच्यावर त्याचा जीव जडतो. (राडचच्या भाषेत स्त्री-पुरुष भेद नाही, कथेत सगळ्यांनाच ‘ती’ म्हटलं जातं.) साम्राज्याची सर्वसत्ताधीश अनांडर मियानाई देवळात अडकवलेल्या नागरिकांना ठार करायला फर्मावते. ऑन कचरते, पण हुकूम पुढे देते आणि जहाज गोळ्या झाडतं. पुढे ऑन मियानाईला ठणकावते की तेव्हा हुकूम पाळण्यापेक्षा मेलेलं बरं होतं. मग मियानाई जहाजाला ऑनलाच गोळी घालायला सांगते आणि जहाज घालतं. काही क्षणांतच ते मियानाईवरही गोळी झाडतं. जहाज नष्ट होतं, एक देह तेवढा निसटतो. तीच ब्रेक. पुढची वीसेक वर्षं ती मियानाईचा काटा काढायच्या मागे असते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: यंत्राला कसला अपराध? मियानाईकडे जहाजाच्या मनाच्या किल्ल्या आहेत, मग नकार देणार कसा? पण कादंबरी इथेच चिमटा काढते. ज्या जहाजाला ऑनला वाचवता आलं नाही, त्यालाच क्षणभरात मालकिणीवर बंदूक रोखता आली. म्हणजे फट होती. ती उशिरा सापडली. ऑनला तर अशी कुठलीच किल्ली बांधत नव्हती, तरी पहिल्या वेळी तिनेही मान तुकवली. न्यूरेंबर्गच्या खटल्यांनंतर आंतरराष्ट्रीय कायद्याने हेच तत्त्व मांडलं: नैतिक निवड शक्य असेल, तर वरिष्ठांच्या हुकमाची ढाल चालणार नाही. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत होते. त्यांच्यातल्या लेफ्टनंट कॅलीने पुढे खटल्यात हुकमाकडे बोट दाखवलं. त्याच दिवशी ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं होतं. गणवेश दोघांचाही एकच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मियानाईचे हजारो देह आहेत, एक मारून काय साधणार? शिवाय ती आतून दुभंगलेली, स्वतःशीच छुपं युद्ध खेळणारी. मग हा सूड पोकळच नाही का? पोकळच आहे, आणि ब्रेकलाही ते ठाऊक आहे. मियानाई संपली तरी ऑनवर गोळी कुणी झाडली, याचं उत्तर बदलत नाही. म्हणून ‘अँसिलरी स्वोर्ड’ (२०१४) या दुसऱ्या भागात ब्रेक ऑनच्या धाकट्या बहिणीकडे जाते आणि तिला आपली वारस करू पाहते. बहीण साफ नकार देते.