एसीएलची दुखापत आणि मैदानावरचे पुनरागमन

कबड्डीत चढाई करताना रोवलेल्या पायावर शरीर अचानक वळले, की मांडीचे हाड व नडगी यांना गुडघ्याच्या आत जोडणारा एसीएल हा अस्थिबंध फाटू शकतो. शस्त्रक्रियेत त्याच्या जागी बहुधा खेळाडूचीच कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, बसवली जाते; ती रुजताना पहिले काही महिने कमकुवत असते आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबल्याने खेळाडूला मैदानाचे वेध लागतात. म्हणून फिजिओथेरपीत आधी सूज उतरवून गुडघा पूर्ण सरळ केला जातो, मग मांडीच्या पुढच्या स्नायूंचे बळ वाढवले जाते आणि शेवटी उडी व वळणे यांचा सराव होतो. साधारण ९ महिने उलटून दुखऱ्या पायाचे बळ दुसऱ्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आल्याशिवाय सामना खेळणे धोक्याचे मानले जाते.