सरासरी गाठली, म्हणजे पाऊस पुरला का?

‘पावसाने सरासरी गाठली’ असे ऐकले, की भोकरदन तालुक्यात यंदाची चिंता मिटली, असा अनेकांचा समज होतो. आकडा खरा असतो. पण तो जेवढे सांगतो, त्याहून अधिक आपण त्यातून ऐकतो.

दीर्घकालीन सरासरी म्हणजे अनेक वर्षांच्या पावसाच्या बेरजेला वर्षांच्या संख्येने भागून आलेला आकडा. भारतीय हवामान विभाग सध्या त्यासाठी १९७१ ते २०२० हा काळ धरतो. संपूर्ण देशासाठी जून ते सप्टेंबरची ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. तिच्याशी तुलना केली की एकूण पाऊस किती झाला हे कळते. तो कधी पडला हे कळत नाही.

महिनाभराच्या भाकरी दोनच दिवसांत वाढल्या, तर हिशेब जुळतो. पण उरलेले दिवस उपाशी जातात. पिकाचेही तसेच आहे. ऐन फुलोऱ्यात खंड (पावसाविना गेलेले सलग दिवस) पडला, तर नंतरच्या मुसळधार पावसाने टक्केवारी भरते, सोयाबीनच्या शेंगा भरत नाहीत.

म्हणून टक्केवारीसोबत पर्जन्यदिन (२४ तासांत किमान २.५ मिलिमीटर पाऊस झालेला दिवस) किती झाले आणि खंड किती दिवसांचा होता, हेही आवर्जून विचारावे.